सिस्टिक फायब्रोसिस आणि अपत्यप्राप्तीचे उपचार

सिस्टिक फायब्रोसिस, रुग्णांच्या बोलण्यात ‘सीएफ’, हा सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकाच्या दोषामुळे होणारा आनुवंशिक आजार आहे. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. आजारात शरीरातले स्राव घट्ट होतात. फुप्फुसे आणि स्वादुपिंड यांना त्याचा मोठा फटका बसतो. पूर्वी हे रुग्ण लहानपणीच दगावत. आता अनेक जण संसाराला लागतात आणि मुलाचा प्रश्न समोर येतो.

सीएफ असलेल्या सुमारे ९७ ते ९८ टक्के पुरुषांना नैसर्गिकरीत्या मूल होत नाही. अंडकोषात शुक्राणू बहुधा नीट तयार होतात. त्यांना बाहेर आणणारी शुक्रवाहिनीच दोन्ही बाजूंना नसते. वीर्य तपासणीच्या रिपोर्टवरूनच याची शंका येते: वीर्य कमी, आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज नाही आणि शुक्राणू शून्य. हा ‘शून्य’ वाचून जोडपी खचतात, पण त्याचा अर्थ ‘बाप होणे अशक्य’ असा नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवे. सुईने शुक्राणू काढून एकेक बीजांडात सोडण्याच्या इक्सी तंत्राने १९९२ पासून मुले जन्मत आहेत. फुप्फुसांचा त्रास नसलेल्या काही पुरुषांतही शुक्रवाहिनी नसते आणि सीएफटीआरचा दोष वंध्यत्वाच्या तपासणीतच उघड होतो.

स्त्रियांची गर्भाशय व बीजांडकोशांची रचना सहसा ठीक असते. गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट असल्याने शुक्राणूंची वाट अडते आणि वजन घटले की पाळी बिघडते. काहींना आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे) पुरते, काहींना आयव्हीएफ (बीजांड शरीराबाहेर फलित करणे) लागते. बीजांडे वाढवणाऱ्या इंजेक्शनांचा अतिरेक झाल्यास पोटात आणि छातीत पाणी साठू शकते. आधीच दम लागणाऱ्या बाईला ते झेपत नाही. म्हणून औषधाचा डोस जपून देतात आणि एकच भ्रूण सोडतात, कारण जुळ्यांचा भार फुप्फुसांवर पडतो. मधुमेह आणि अ जीवनसत्त्वाची पातळी दिवस राहण्यापूर्वीच पाहून घ्यावी.

उपचारांआधी जोडीदाराची जनुक तपासणी झालीच पाहिजे. जोडीदार वाहक (जनुकाची एकच प्रत सदोष, पण आजार नाही) नसेल तर मुले फक्त वाहक होतात. वाहक असेल तर प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता ५० टक्के असते. एफ५०८डेल हा युरोपात सर्रास आढळणारा दोष भारतीय रुग्णांत तुलनेने कमी दिसतो. त्यामुळे मोजकेच दोष शोधणारी चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. पूर्ण जनुकाचे वाचन करून घेणे बरे. भ्रूण सोडण्यापूर्वी त्याची तपासणीही करता येते. भारतात नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारासाठी कायदा ती करू देतो, लिंग पाहण्यासाठी नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीनंतर तिथल्या सीएफ असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणा वाढल्या. पुरुषांची नसलेली शुक्रवाहिनी मात्र या गोळीने तयार होत नाही. आईने गरोदरपणी ही गोळी घेतली असेल तर बाळाची नवजात तपासणी चुकून निर्दोष येऊ शकते. त्यामुळे बाळाच्या डॉक्टरांना आईच्या गोळ्यांची माहिती जन्माआधीच द्यावी.