हाताच्या पंजाएवढे रबर

काझुनोरी यामाउची यांच्या पॉलिफोनी डिजिटल या कंपनीने तयार केलेली ‘ग्रॅन टुरिस्मो’ ही मोटारशर्यतींची खेळमालिका डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक नव्या भागाची चर्चा बहुतेक वेळा दोनच गोष्टींभोवती फिरत आली आहे : गाड्या किती आणि चित्र किती हुबेहूब. २०१३ च्या सहाव्या भागात गाड्यांची संख्या बाराशेच्या घरात गेली. २०२२ च्या सातव्या भागात ती सुरुवातीला चारशेच्या वर होती, पण आसनांवरची शिवणसुद्धा दिसावी इतके त्यांचे काम बारीक होते. या दोन्ही बाबतींत आता मिळवण्यासारखे फारसे उरले नाही, असे मला वाटते. जे उरले आहे ते गाडीच्या खाली, टायर आणि रस्ता यांच्यामध्ये आहे.

दीड टनाची गाडी रस्त्याला चारच ठिकाणी टेकते आणि टेकलेला प्रत्येक भाग साधारण हाताच्या पंजाएवढा असतो. वळणावर टायरचे तोंड ज्या दिशेला असते, नेमका त्याच दिशेने तो जात नाही; रबर पिळले जाते आणि त्या दोन दिशांमध्ये काही अंशांचा फरक पडतो. हा फरक वाढत गेला की पकडही वाढते, एका टप्प्यावर ती कमाल होते आणि त्यापुढे ढासळू लागते. डेल्फ्ट विद्यापीठातील हान्स पाचेयका यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे समीकरण ही वक्ररेषा फार सुबकपणे मांडते आणि मोटारशर्यतीच्या अनेक खेळांचा पाया तेच आहे. मात्र हे समीकरण प्रयोगशाळेतील मोजमापांवर बेतलेले आहे. टायर तापला, झिजला किंवा त्यातली हवा प्रसरण पावली, तर काय होईल, हे त्याला आपण होऊन कळत नाही. ते वेगळे हिशेबात धरावे लागते.

आणि खरी गंमत त्या तापण्यातच आहे. शर्यतीचा गुळगुळीत टायर साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस तापमानाला उत्तम पकड देतो. गाडी एकदा घसरली की रबराचा वरचा थर क्षणात तापतो आणि पुढच्या सरळ पट्ट्यात निवतोही; आतल्या सांगाड्यात शिरलेली उष्णता मात्र फेऱ्यामागून फेऱ्या टिकते, हवेचा दाब वाढवते आणि त्या पंजाएवढ्या तुकड्याचा आकारच बदलून टाकते. म्हणून पहिल्या फेरीत केलेल्या आततायीपणाची किंमत कधी कधी पाचव्या फेरीत चुकवावी लागते. मालिकेच्या पुढच्या भागात मला सर्वांत आधी हवे आहे ते हे : वरचे आणि आतले तापमान वेगवेगळे मोजणारा टायर.

टायर बदलतो तसा रस्ताही बदलतो. शर्यत पुढे सरकते तसे गाड्यांच्या नेहमीच्या मार्गावर रबर बसत जाते आणि तेथे पकड वाढते. सुटलेले रबराचे गोळे मात्र मार्गाबाहेर साचतात आणि त्यांवर चाक गेले की गाडी सरकते. पाऊस आला की हे गणित उलटते : रबर बसलेला तोच मार्ग निसरडा होतो आणि अनुभवी चालक वळणाच्या बाहेरच्या अंगाचा खडबडीत, कोरा डांबरी भाग शोधतात. (पहिल्या पावसात दुचाकी चालवणाऱ्याला रस्त्याचा हा स्वभाव ठाऊक असतो, तेथे रबराच्या भुकटीला तेलाचीही जोड मिळते.) साचणारे पाणी आणि वाळत जाणारी रेषा सातव्या भागात चांगली दाखवली आहे; रबराच्या बाबतीत मात्र तेवढी बारकाई जाणवत नाही. ते अशक्य मुळीच नाही, कारण संगणकावरच्या ‘आरफॅक्टर २’ या सिम्युलेटरने रबर बसत जाणारा रस्ता कित्येक वर्षांपूर्वीच दाखवला आहे. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या २०.८ किलोमीटरच्या शर्यतमार्गावर, जेथे एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला ऊन असू शकते, असा रस्ता मिळाला तर एकच फेरी तासभर बोलायला पुरेल.

हे सारे खेळाडूपर्यंत पोहोचायचे कसे? खऱ्या गाडीत ते आधी हातांना कळते. वळणावरचा आडवा जोर टायरच्या टेकलेल्या भागाच्या मध्यावर नव्हे, तर किंचित मागे लागतो, त्यामुळे चाक सरळ होऊ पाहते आणि स्टिअरिंग जड लागते. टेकलेल्या भागाची मागची कड प्रथम घसरू लागते, तसे हे अंतर कमी होते आणि पकड कमाल होण्याच्या जरा आधीच स्टिअरिंग हलके पडते. त्या हलकेपणालाच चालक इशारा मानतात. मोटर बसवलेल्या महागड्या स्टिअरिंगवर हा इशारा मिळतो, पण बहुतांश खेळाडूंच्या हाती साधा कंट्रोलर असतो. त्यातली कंपने आज मुख्यत्वे धक्के आणि रस्त्याचा खडबडीतपणा सांगतात. पकड सुटू लागताच एका बाजूचे कंपन विरत जावे, एवढी साधी सोयही पुष्कळ काही शिकवून जाईल.

त्यासाठी हिशेबही जलद हवा. ताशी २१६ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला ६० मीटर जाते, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील तर दोन चित्रांमध्ये ती पूर्ण एक मीटर पुढे सरकलेली असते. वळणाच्या कडेचा अरुंद उंचवटा तेवढ्यात निसटून जाईल. सेकंदाला ३६० वेळा गणित केले तर हे अंतर सुमारे १७ सेंटिमीटरवर येते.

प्रतिस्पर्ध्यांविषयी थोडेसेच. सोनी एआय या सोनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीने घडवलेला ‘सोफी’ हा कृत्रिम चालक याच खेळमालिकेत जुलै २०२१ मध्ये निवडक मानवी खेळाडूंविरुद्ध सांघिक गुणांत हरला, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिंकला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावरील संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. वेग त्याच्याकडे भरपूर आहे. मला त्याच्याकडून चुका हव्या आहेत, आणि त्याही मुद्दाम पेरलेल्या नव्हेत, तर टायर आणि रस्त्यातून उपजलेल्या : पिटमधून, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यातून, थंड टायरांवर बाहेर पडावे, पहिल्याच वळणावर ब्रेक जरा उशिरा दाबावा, गाडी बाहेर सरकून रबराच्या गोळ्यांवर जावी आणि आतल्या बाजूला माझ्या गाडीपुरती जागा मोकळी व्हावी.