पाय दुखला की बर्फ आणि पलंग?

धावताना घोटा मुरगळला की सल्ला ठरलेला: बर्फ लाव आणि दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पाय हलवू नकोस. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती, दोन्हींमुळे बरं व्हायला उशीर लागू शकतो. बर्फाने ठणका कमी होतो, तेवढ्यापुरता थोडा वेळ जरूर लावा. पण सुजेबरोबरच दुरुस्ती करणाऱ्या पेशीही तिथे येतात.

टाचेमागच्या दुखऱ्या कंडरेचं (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीचं) उदाहरण तर फारच बोलकं आहे. नुसतं बसून राहिलं तर ती आणखी कमजोर होते. स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये उलटाच उपाय दाखवला: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे.

हाडाची गोष्ट मात्र वेगळी. नडगीवर बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा धावणं त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.