सिद्धेश्वर यात्रा (सोलापूर)

सोलापूरचे ग्रामदैवत, शिवयोगी सिद्धरामेश्वर यांची मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी यात्रा. शहरात आणि आसपासच्या खेड्यांत ती ‘गड्डा यात्रा’ किंवा नुसता ‘गड्डा’ म्हणून ओळखली जाते. धार्मिक विधी पाच दिवसांचे असतात. होम मैदानावरची जत्रा त्यानंतरही बरेच दिवस रेंगाळते. यात्रेचा गाभा एका लग्नाचा आहे. हळद, अक्षता, होम हे सारे लग्नाच्याच क्रमाने होते आणि त्यातले प्रत्येक काम कोणत्या घराण्याने, कोणत्या समाजाने करायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. त्यामुळे ही यात्रा देवळाची जितकी, तितकीच गावगाड्याची आहे.

पार्श्वभूमी

सिद्धराम बाराव्या शतकातले. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. सोन्नलगी हे सोलापूरचे तेव्हाचे नाव. मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी हे त्यांचे आईवडील. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे भक्त असलेल्या सिद्धरामांनी गावात मल्लिकार्जुनाचे देऊळ उभारले, लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला, गावाभोवती 68 लिंगांची आणि अष्टविनायकांची स्थापना केली. त्यांच्या कन्नड वचनांच्या शेवटी ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा, म्हणजे वचनकाराची ओळखखूण, येते. मूळ मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आज भुईकोट किल्ल्यात दिसतात. पूजेतले मल्लिकार्जुन मंदिर बाळीवेस भागात आहे. सिद्धेश्वर मंदिर तलावातच आहे आणि सिद्धरामांची योगसमाधी त्याच्या आवारात आहे.

यात्रेमागची कथा सोलापुरात प्रत्येकाला पाठ असते. सिद्धरामांच्या सेवेत असलेल्या कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरली. ते योगी, संसार करणार नव्हते. पण तिचा हट्ट मोडवेना, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. लग्नानंतर कुंभारकन्येने अग्निप्रवेश केला. यात्रेचे पहिले तीन दिवस म्हणजे याच प्रसंगांची क्रमवार उजळणी.

नंदीध्वज

मिरवणुकीत सात नंदीध्वज असतात. सोलापूरकर त्यांना ‘काठ्या’ही म्हणतात. पहिला देवस्थानचा, हिरेहब्बू घराण्याकडे मान असलेला. दुसरा कसब्यातल्या देशमुखांचा. तिसरा लिंगायत माळी समाजाचा. चौथा व पाचवा विश्वब्राह्मण सोनार समाजाचा. सहावा व सातवा मातंग समाजाचा. क्रम कधीच बदलत नाही.

नंदीध्वज म्हणजे सरळ, उंच वेळू. उंची साधारण तीस फुटांच्या घरात. त्यावर कापड चढवतात, खोबरे-लिंबांचे हार बांधतात, अक्षतांच्या दिवशी बाशिंगही बांधतात. या सजावटीला ‘साज चढवणे’ म्हणतात. एवढा नंदीध्वज एका वेळी एकच माणूस पेलतो, आणि यात्रेतले खरे कौशल्य इथेच आहे. बुडखा कमरेशी टेकवून दोन्ही हातांनी वेळू छातीसमोर धरायचा आणि नजर शेंड्यावर ठेवायची. साजाचे वजन वरच्या अंगाला असल्यामुळे शेंडा जरा कलला की तळाशी त्याचा ओढा कितीतरी पटीने जाणवतो. नुसत्या हाताच्या जोराने तो सावरत नाही. कल ज्या बाजूला जाईल त्या बाजूला पाय सरकवून बुडखा शेंड्याखाली आणावा लागतो. नवखा पेलणारा हाताने ओढायला जातो, तिथेच तोल सुटतो. म्हणून सराव यात्रेच्या कितीतरी आठवडे आधी सुरू होतो आणि रात्रीच्या वेळी मोकळ्या रस्त्यांवर चालतो. खांदेपालटही शिकावा लागतो: पुढचा माणूस अगदी समोर येऊन उभा राहतो, बाजूचे दोघे-तिघे वेळूला आधार देतात, आणि बुडखा एका कमरेवरून दुसरीकडे जातो तेव्हा वेळू उभाच असला पाहिजे.

वारा हा मोठा शत्रू. त्याखालोखाल रस्त्यावरून आडव्या गेलेल्या तारा आणि झाडांच्या फांद्या. मिरवणुकीआधी मार्गावरच्या फांद्या छाटणे, लोंबत्या केबल उचलून घेणे, खड्डे बुजवणे ही कामे उरकली नाहीत तर पेलणाऱ्याला नंदीध्वज वाकवून काढावा लागतो, आणि वाकवलेला नंदीध्वज पुन्हा उभा करणे हे नुसते पेलण्यापेक्षा जड.

पेलणाऱ्यांचा आणि मानकऱ्यांचा पोशाख पांढरा असतो: बाराबंदी, धोतर आणि डोक्याला फेटा. हलग्यांचा कडकडाट आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय’ हा गजर मिरवणूकभर चालू राहतो.

पाच दिवस

सुरुवातीला शेटे वाड्यात योगदंडाचे पूजन होते. पहिला दिवस यण्णीमज्जनाचा, म्हणजे तैलाभिषेकाचा. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सकाळी नंदीध्वज निघतात आणि 68 लिंगांना तेल-हळद लावत शहराला प्रदक्षिणा घालून रात्री परततात. ही लग्नाची हळद. ही लिंगे आज भर वस्तीत, इमारतींच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला आहेत. एरवी त्यांतल्या कित्येकांजवळून माणसे न पाहता निघून जातात. अक्षतांची गर्दी सगळ्यांना ठाऊक असते, पण जुने सोलापूर समजून घ्यायचे असेल तर याच दिवशी नंदीध्वजांच्या मागे चालावे.

दुसरा दिवस अक्षतांचा. दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा या वाटेने नंदीध्वज तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर येतात. सुगडी पूजनानंतर शेटे घराण्यातील मानकरी संमती, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टका, वाचतात. वाचनात ‘सत्यम्‌, सत्यम्‌, दिड्डम्‌, दिड्डम्‌’ हे शब्द आले की कट्ट्याभोवतालचा सारा जनसमुदाय अक्षता टाकतो. विधी दुपारी काही मिनिटांत आटोपतो, पण जागा मिळवायला माणसे सकाळपासून येऊन बसतात. उशिरा येणारे रस्त्यावरच राहतात. तेही जिथे उभे असतील तिथूनच अक्षता टाकतात, आणि ते रीतीला धरूनच मानले जाते.

तिसऱ्या दिवशी होम. संध्याकाळी निघालेल्या मिरवणुकीत पहिल्या नंदीध्वजाला नागफणा बांधतात. त्याने शेंड्याकडचे वजन आणखी वाढते, त्यात अंधार. पेलणाऱ्याची खरी परीक्षा ती हीच. होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, मंगळसूत्र-बांगड्यांचे सौभाग्यलेणे चढवून कुंभारकन्येचे प्रतीक उभे करतात आणि होमकुंडात तिला अग्नी देतात. त्यानंतर होते भाकणूक. देशमुखांच्या मानाच्या वासराला दिवसभर उपाशी ठेवून रात्री त्याच्यापुढे धान्ये, गूळ, खोबरे असे जिन्नस मांडतात. वासरू कशाला तोंड लावते, बिथरते की शांत राहते, मलमूत्र टाकते का, यावरून येत्या वर्षाचा पाऊस, भाव आणि संकटे यांचे अंदाज सांगतात. कोरडवाहू शेतीच्या मुलखात पावसाचा शब्द ऐकायला शेतकरी थंडीत रात्री उशिरापर्यंत का थांबतात, हे वेगळे सांगायला नको.

चौथ्या रात्री होम मैदानावर शोभेचे दारूकाम. पाचव्या दिवशी बाळीवेसच्या मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी होते: नंदीध्वजांवरची वस्त्रे उतरवतात आणि विधींची सांगता होते.

गड्डा आणि बंदोबस्त

होम मैदानावर आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची आणि खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. जनावरांचा बाजार विजापूर रस्त्यावरील रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात भरतो. देवस्थानची पंच कमिटी, महापालिका, पोलीस आणि वीजखाते यांची कामे एकमेकांत अडकलेली असतात. मैदानावरची धूळ ही जुनी तक्रार: कोरडी हवा आणि हजारो पायांनी उडालेली माती यांमुळे पाणी मारले तरी ती तासा-दोन तासांत परत उडते. दुकानांच्या दोन रांगांमध्ये रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब जाईल एवढा आपत्कालीन रस्ता मोकळा ठेवावा लागतो. दुकानदार रोज हातभर पुढे सरकतात, म्हणून तो रस्ता आखून भागत नाही, रोज तपासावा लागतो.

यात्रेच्या तोंडावरच 12 जानेवारी येते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 1931 मध्ये याच तारखेला येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. 1930 च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारण्यात आला होता. त्या लढ्याच्या खटल्यात ही शिक्षा झाली. ग्रामदैवताच्या लग्नाची तयारी चालू असताना चार पुतळ्यांपाशी हुतात्म्यांना अभिवादन करण्याची शहराची रीत आहे.

करोनाच्या साथीत 2021 मध्ये मिरवणुका आणि गड्डा थांबले. विधी मात्र मोजक्या मानकऱ्यांच्या हातून पार पडले.