शब्दांनी मारलेला काटा

घ्यायचं नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये. इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, येहुदा हनासी यांनी मिश्ना संकलित केली. यहुद्यांच्या मौखिक कायद्याच्या या पहिल्या मोठ्या संहितेत हा नियम सापडतो, आणि तो शिष्टाचाराच्या पाठात नाही, खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात आहे. ही जागाच मला सगळ्यात बोलकी वाटते. कारण माणसाचं मन दुखावणं हा गुन्हा यहुदी कायद्यात आला तो बाजारातून, तराजूच्या शेजारून.

मूळ हिब्रू शब्द आहे ओनाआ. मालाच्या वाजवी भावापेक्षा एक षष्ठांश जास्त उकळलं, किंवा विकणाऱ्याचं अज्ञान पाहून तेवढं कमी दिलं, तर ती ओनाआ. जास्तीचे पैसे परत करावे लागत. तफावत त्याहून मोठी असेल तर सौदाच मोडता येई. आता तोरा, म्हणजे यहुद्यांचं मूळ धर्मशास्त्र, त्यातल्या ‘लेवीय’ या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात ‘एकमेकांना नाडू नका’ ही आज्ञा दोनदा येते. १४ व्या वचनात ती जमिनीच्या व्यवहारात आहे, १७ व्या वचनात नुसतीच, आणि तिच्यापुढे जोडलेलं आहे: ‘आपल्या देवाचं भय बाळगा.’ तोरामधला एकही शब्द उगाच आलेला नाही, ही रब्बींची श्रद्धा. मग दुसरी आज्ञा कशासाठी? त्यांनी उत्तर दिलं: पहिली पैशांची, दुसरी शब्दांची. काटा मारता येतो तसा बोलूनही मारता येतो.

मिश्नाने दिलेली उदाहरणं साधी आहेत. वाईट मार्ग सोडून सुधारलेल्या माणसाला ‘तुझे जुने दिवस आठव’ म्हणू नये. धर्मांतर करून आलेल्यांच्या मुलाला ‘तुझ्या बापजाद्यांनी काय केलं ते आठव’ म्हणू नये. पुढे बॅबिलोनच्या तालमुदने, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहाने, यादी वाढवली. धान्य शोधत आलेल्या गाढववाल्यांना, ज्याने जन्मात धान्य विकलं नाही अशा माणसाच्या दारी मुद्दाम धाडू नये. आजारपण किंवा मुलांचे मृत्यू सोसणाऱ्याला ‘तुझं काहीतरी चुकलं असणार’ असं सुनावू नये. आणि ज्याच्या घराण्यात कुणी फासावर गेलं आहे, त्याला ‘हा मासा जरा टांगून ठेव’ असंसुद्धा म्हणू नये. हे शेवटचं वाक्य मी कितीदा वाचलं असेन. त्यात शिवी नाही, टोमणा नाही, हेतूही वाईट नाही. फक्त ऐकणाऱ्याची जखम कुठे आहे याचं भान नाही.

इथे कायद्याची एक अडचण उभी राहते. भाव विचारणाऱ्याला खरंच घ्यायचं होतं की नाही, हे कोर्टाला कसं कळावं? तालमुद सांगतो, ही गोष्ट मनाच्या स्वाधीन आहे, म्हणून तर ‘देवाचं भय’ तिथे लिहिलं आहे. त्याच चर्चेत पैशांच्या आणि शब्दांच्या फसवणुकीची तुलनाही आहे. पैसे परत करता येतात, शब्द येत नाहीत; एकीचा मार मालमत्तेवर, दुसरीचा माणसावर. मग सूत्र येतं: जो चौघांत दुसऱ्याचा चेहरा पांढरा पाडतो, त्याने जणू रक्त सांडलं. मराठीत बेअब्रू झाली की तोंड काळं होतं. हिब्रूत ते पांढरं पडतं. तालमुदमधले एक रब्बी, राव नाहमान बार यित्झाक, यांनी लगेच दुजोरा दिला, की खरंच, चेहऱ्यावरची लाली जाते आणि पांढुरकेपणा येतो, हे आपण डोळ्यांनी पाहतोच.

शब्दांच्या जखमेला कोर्टात दंड नव्हता, पण कृतीने केलेल्या अपमानाला होता. शारीरिक इजेसाठी मिश्नाने पाच प्रकारची भरपाई सांगितली: नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि पाचवी लाज. थोबाडीत मारली तर २०० झूझ, उलट्या हाताने मारली तर ४००, बाजारात बाईच्या डोक्यावरचा पदर ओढला तर ४००. झूझ हे चांदीचं नाणं. ज्याच्या पदरी २०० झूझ आहेत त्याला गरिबांसाठी शेतात सोडलेल्या धान्यावर हक्क सांगता येत नसे, यावरून रकमेचा अंदाज यावा.

एका माणसाने खरोखरच एका बाईचा पदर ओढला. रब्बी अकिवा यांनी त्याला ४०० झूझ भरायला सांगितले. त्याने मुदत मागितली, पाळत ठेवली, आणि ती अंगणाच्या दाराशी उभी असताना तिच्यासमोर तेलाचा घडा फोडला. तेल एका इस्सारचं, म्हणजे झूझच्या चोविसाव्या भागाचं. तिने डोकं उघडं केलं आणि सांडलेलं तेल तळव्याने टिपून केसांना लावू लागली. साक्षीदार तयारच होते. हिला मी ४०० द्यायचे? त्याने अकिवांना विचारलं. अकिवा म्हणाले, तुझं बोलणं पोकळ आहे. माणसाने स्वतःला इजा करणं योग्य नसलं तरी त्याला दंड नाही; दुसऱ्याने केली तर आहे. त्याच मिश्नात अकिवांचं मत नोंदलं आहे: गरिबातल्या गरिबालाही मालमत्ता गमावलेला स्वतंत्र माणूसच समजावं, कारण तोही अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा वंशज. बाराव्या शतकात यहुदी कायद्याचे पंडित मायमोनिदिस यांनी मात्र लाजेची भरपाई माणसाच्या दर्जानुसार बदलती ठेवली. एवढ्या मोठ्या विद्वानाबद्दल आदर ठेवूनही मला वाटतं, तिथे अकिवाच बरोबर होते.

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, ज्या दिवसाला बिरड्याचा रोजा म्हणतात, त्याचाही या विषयाशी संबंध आहे. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं, त्या शोकाचा हा उपास. त्या दिवशीच्या वालाच्या बिरड्यावरून त्याला नाव पडलं. तालमुदमधली कथा त्या विनाशाचं मूळ एका पंगतीत शोधते. यजमानाने कामत्झा नावाच्या मित्राला बोलावणं धाडलं, नोकराने चुकून बार कामत्झा या वैऱ्याला आणलं. तो म्हणाला, आलोच आहे तर राहू दे, माझ्या जेवणाचे पैसे देतो. मग अर्ध्या पंगतीचे देऊ केले, मग सगळ्या पंगतीचे. यजमानाने हाताला धरून त्याला बाहेर काढलं. रब्बी बसले होते, कुणी काही बोललं नाही. बार कामत्झाने रोमनांकडे जाऊन चुगली केली ती त्या गप्प बसण्याच्या रागाने.

मग केलेल्या अपमानाची भरपाई कशी? मिश्नाचं म्हणणं असं, की प्रायश्चित्ताचा दिवस योम किपूर देवाविरुद्धची पापं धुतो, पण शेजाऱ्याविरुद्धचं पाप त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय धुतलं जात नाही. मायमोनिदिस यांनी रीतच लिहून दिली: माफी मागूनही दुखावलेला माणूस नाही म्हणाला तर तीन जणांना घेऊन जावं, तरी नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तो वारला असेल तर दहा माणसांना घेऊन कबरीपाशी जावं आणि तिथे म्हणावं, या माणसाचा मी अपराधी आहे. बेने इस्राएल योम किपूरला दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं बंद ठेवून उपास करायचा. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडत, दानधर्म होई, आणि लोक एकमेकांच्या घरी जात.