सर्वांत तापलेला ग्रह बुध नव्हे, शुक्र

‘सूर्याच्या सर्वांत जवळ म्हणून बुध सर्वांत उष्ण’ हे वाक्य सामान्यज्ञानाच्या फॉरवर्डमधून वर्षानुवर्षं फिरतंय. ते पटतंही, मराठवाड्यातला मे सोसलेल्या माणसाला ऊन म्हणजेच उष्णता वाटणार.

बुधाला शुक्राच्या साधारण साडेतीन पट ऊन मिळतं, हे खरंच. पण उष्णता धरून ठेवायला त्याच्याकडे वातावरण जवळजवळ नाहीच. म्हणून दिवसा ४३० अंश सेल्सिअस आणि रात्री उणे १८०! शुक्राचे ढग बहुतेक ऊन परतवतात. तरीही जे थोडं आत शिरतं त्याची उष्णता सहजी बाहेर पडत नाही, कारण हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट. हा नुसता अंदाज नाही. १९८२ साली ‘व्हेनेरा १३’ यान तिथे उतरलं, १२७ मिनिटं तग धरून राहिलं आणि त्यानं ४५७ अंश तापमान नोंदवलं. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं.

वातावरणाचा हा गुण घरबसल्या तपासता येतो. हिवाळ्यात परभणीचं किमान तापमान पेपरातून रोज लिहून ठेवा, शेजारी रात्री आभाळ निरभ्र होतं की ढगाळ तेही लिहा. ढगाळ रात्रीनंतर पहाटेचा पारा सहसा वरच राहिलेला दिसेल.