एल्कना सवय झाली, हा गैरसमज

नैसर्गिक वायूच्या विहिरींच्या परिसरात एल्क (हरणांच्या कुळातील एक मोठा प्राणी) दिसतात, म्हणजे ते तिथल्या वर्दळीला सरावले आहेत, हा अमेरिकेत वर्षानुवर्षे सांगितला जाणारा समज खरा नाही. वायोमिंग राज्यातील फोर्टिफिकेशन क्रीक परिसरात कोळशाच्या थरांतील पाणी उपसून हा वायू काढला जात होता; तेथे वायोमिंग विद्यापीठातील पदव्युत्तर संशोधनात एल्कच्या गळ्यातील पट्ट्यांच्या, खोदकामापूर्वीच्या (रेडिओ पट्ट्या) आणि खोदकामादरम्यानच्या (जीपीएस पट्ट्या), नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ही हरणे रस्त्यांपासून दूर, जुनिपरच्या झाडीच्या आणि खडबडीत उतारांच्या आडोशाला सरकलेली आढळली. कळप परिसर सोडत नाही आणि नेमकी इथेच पाहणाऱ्याची फसगत होते, कारण कळपाच्या वाट्याची जागा मात्र आक्रसलेली असते. वायोमिंगमधल्याच पाइनडेल गावाजवळील म्यूल हरणे (हरणांची आणखी एक जात) तर वायू उत्खननाच्या पंधरा वर्षांनंतरही सरावली नव्हती.