साताऱ्याचा डोंगर, सांगलीची माती

२०२१च्या जुलैत एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खचला आणि माणसे गाडली गेली. खाली सांगलीत कृष्णेने ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकली, आयर्विन पुलाजवळचे पाणी ५० फुटांच्याही वर गेले. बातम्यांत दरड वेगळी आणि पूर वेगळा. भूगोलात मात्र दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत: वरचे सुटे करायचे, वाहून न्यायचे, खाली टाकायचे. आपल्या दोन जिल्ह्यांत हे काम कोट्यवधी वर्षे चालू आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. आजही लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या पाषाणाने (बेसॉल्टने) सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. महाबळेश्वरच्या परिसरात थरांची ही रास हजार मीटरहून जाड आहे. सह्याद्री हिमालयासारखा घड्या पडून उभा राहिलेला नाही. पठाराचा पश्चिम काठ तुटला, उचलला गेला, आणि मग नद्यांनी तो कडा पोखरत मागे मागे नेला. अजिंक्यतारा, पांडवगड हे डोंगर या कोरीव कामातून शिल्लक राहिलेले भाग. पसरणी घाट चढताना डोंगराच्या ज्या पायऱ्या दिसतात, त्यांत घट्ट खडकाचा थर उभा कडा धरून राहतो आणि सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून उतार होतो.

एवढ्या रुंद दऱ्या एका नदीने कोरल्या, हे पटायला विद्वानांनाही वेळ लागला. स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटनने १७८८मध्ये झिजेला अफाट काळ लागतो हे मांडले, जॉन प्लेफेअरने १८०२मध्ये दरी ही नदीचीच करणी असल्याचे सांगितले. तरीही पुढची कित्येक दशके इंग्लंडात चार्ल्स लायेलसारख्या भूवैज्ञानिकांचा कल दऱ्या समुद्राच्या लाटांनी कोरल्या असे मानण्याकडे होता. दरम्यान, १८३०च्या दशकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या खडकांचे सविस्तर वर्णन लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे ठेवले. माझ्या मते हटन आणि प्लेफेअर वाईला आले असते तर त्यांचे काम सोपे झाले असते. इथल्या दरीच्या दोन्ही बाजूंना तेच थर समोरासमोर दिसतात. मधला भाग कुठे गेला, हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही.

बर्फाचा आपल्याकडे थेट संबंध नाही. हिमनदीने टाकलेले दगडमातीचे ढीग (हिमोढ) नाहीत, बर्फाने कोरलेले वाडग्यासारखे खळगे (हिमगव्हरे) नाहीत. पण महाराष्ट्राच्या जमिनीवर बर्फ कधी सरकलाच नाही असे मात्र नव्हे. १८५६मध्ये ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे ओळखता आले, आणि पुढे चंद्रपूरजवळ इरई इथे बर्फाने ओरखडे पाडलेला चुनखडक सापडला. ती गोष्ट सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे आपला काळा पाषाण जन्मायच्या कितीतरी आधीची.

वाऱ्याचे काम इथे वेगळ्या तऱ्हेने चालते. बारखाण म्हणजे चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकड्या, किंवा वाऱ्याने बुडाशी घासलेले भूछत्र खडक पाहायचे तर वाळवंटात जायला हवे. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, पवनचक्क्या फिरवणारा वारा दगड फारसा घासत नाही, तो ढग आणतो. घाटमाथ्यावर ते रिते होतात, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-खटावच्या वाट्याला जेमतेम ५००. पश्चिमेला खोल दऱ्या आणि पूर्वेला उघडे, बसके माळ असा सातारा जिल्ह्याचा तोंडवळा त्यामुळेच झाला आहे.

पावसाचे सगळ्यात मोठे काम नजरेआड चालते. विहीर खणताना माती संपली की मुरूम लागतो. हा मुरूम म्हणजे कुजलेला काळा पाषाणच. खडकाच्या भेगांत पाणी शिरते, कडा गोलावतात, आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात. माथ्यावर फार दीर्घ काळ मुरत राहिलेल्या पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि जांभा हा तांबडा खडक तयार झाला. पाचगणीचे टेबललँड हे त्याचेच झाकण. कासच्या सड्यावर या जांभ्यावर मातीचा जेमतेम पातळ थर आहे, तोही सत्त्व धुऊन गेलेला. म्हणून तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती किडे पकडून पोट भरतात. कासला फुलांचे फोटो काढणाऱ्यांनी एकदा खाली वाकून ती जमीनही पाहावी.

याच झाकणाखाली बहुधा चिकट, मऊ मातीचा थर असतो. जांभ्यातून झिरपलेले पाणी त्यावर साचते, उतारावरची सुटी माती जड होते, आणि दोन-तीन दिवस सलग कोसळणाऱ्या पावसात ती जागा सोडते, म्हणजेच दरड कोसळते.

सुटलेले सगळे कृष्णेत येते. उगमाजवळ नदी तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर असते आणि वाईला सातशेवर येते. तिथून सांगलीपर्यंत मात्र ती दीडशे मीटरच उतरते, आणि त्यातही कऱ्हाडच्या पुढे उतार नावापुरताच उरतो. वेग मंदावला की नदी नागमोडी होते. भिलवडी, औदुंबरच्या परिसरातली वळणे नकाशावर पाहावीत. बाहेरच्या काठाला ती खाते, आतल्या काठाला गाळ ठेवते. मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीची, काळीभोर राने अशी झाली आहेत. आता कोयना, धोम, कण्हेर, वारणा या धरणांच्या पोटात बराच गाळ अडतो, त्यामुळे मळीला मिळणारी ही नवी माती कमी होत जाणार.

हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते तिथे, हा गाळ इतका खोल आणि घट्ट आहे की लोकांनी त्यात पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, खणून हळद साठवली. न अस्तर, न सिमेंट, आणि हळद वर्षानुवर्षे टिकायची. २००५च्या पुरात यांतली बरीच पेवे पाण्याखाली गेली आणि त्या साठवणीचा कणा मोडला. २०१९मध्ये तर पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पूर पसरायला नदीने करून ठेवलेले ओत, म्हणजे सखल खोलगट भाग, सांगलीत आजही आहेत. कित्येकांवर भराव टाकून घरे उभी राहिली आहेत, आणि पाणी चढू लागले की ते आधी तिथेच शिरते.